सगळं सोडा, बाहेर पडा!

ठकीची निवड झाल्याचं कळलं तेव्हा घरात मी एकटीच ओरडले. खरं म्हणजे निवड तिची, तेव्हा ओरडायचा मान तिचा. पण आमच्या घरात आवाजाची वाटणी पहिल्यापासून अन्यायाचीच झालेली आहे. सगळा आवाज माझ्या वाट्याला आला आणि पोरीसाठी नुसती कुजबुज उरली. शाळेत ही हजेरीला "हजर" म्हणायची आणि बाई गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. पुढे दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तिथे पेशंटला "तोंड उघडा" म्हणायची आणि पेशंट तोंड मिटून शांतपणे तिच्याकडे बघत बसायचे. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहेत. ते बोलतच नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज कसा आहे हे मी इतक्या वर्षांच्या संसारानंतरही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

तर अशा घरातली मुलगी परदेशात जाऊन हवाई सुंदरी होणार होती. तिथल्या एका विमान कंपनीने तिला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. दवाखान्यातली नोकरी तिने सोडूनही टाकली होती. आयुष्यात पहिल्यांदा पोरीने एखाद्या गोष्टीचा हट्ट धरला होता, तोही न ओरडता. नुसती जेवायला बसायची आणि ताटाकडे बघत म्हणायची, "मला जायचंय." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मला ऐकू आलं.

मला आपलं वाटत होतं, छान साडीबिडी नाहीतर स्कर्ट, हसरा चेहरा, ट्रे पुढे करायचा, झालं. पण शिकवणार काय काय, ते ठकी सांगायला लागली आणि मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. आग विझवायची. पाण्यात पडलेल्या माणसाला ओढून तराफ्यावर घ्यायचं. कुणाचं हृदय थांबलं तर छाती दाबून चालू करायचं. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला खुर्चीला बांधायचं. आणि ढगात असताना कुणी बाई बाळंत व्हायला लागली, तर तेही! मी म्हटलं, "अगं, आणि चहा?"

"तो शेवटच्या आठवड्यात," ठकी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. एवढीशी पोर, माझ्या खांद्याला लागते, झुरळ दिसलं तर बापाला हाक मारते (आणि ती हाक बापाला ऐकू येत नाही), ती दंगेखोराला बांधणार?

पण खरी मेख पुढेच होती. शेवटची परीक्षा म्हणजे विमान रिकामं करायचं. अंधार, धूर, भोंगा वाजतोय, माणसं घाबरलेली, आणि हिने दारात उभं राहून ओरडायचं, "सगळं सोडा! बाहेर पडा! उडी मारा!" आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला तर नापास. दोनदा नापास म्हणजे सामान बांधून घरी. आधी एक चाचणी, मग शेवटची परीक्षा, संपलं. बाकी सगळं जमवीन म्हणाली ठकी. "आवाजाचंच काय ते बघायला हवं."

आता ही गोष्ट घरातल्या घरात ठेवावी की नाही? पण माझ्या पोटात काही राहत नाही. जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या, मी सांगितलं, आणि दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीला ठकीच्या घशाची काळजी लागली. समोरच्या वहिनींनी मिठाच्या गुळण्या सांगितल्या, त्यांच्या जावयाने मध सांगितला, आणि सेक्रेटरींनी गच्चीची किल्ली देण्याचं नाकारून वर सांगितलं की आवाज हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हे अत्यंत इच्छाशक्तीचे गृहस्थ आहेत. लिफ्ट गेलं वर्षभर त्यांच्या इच्छाशक्तीवरच चालू आहे.

तळमजल्यावरच्या गाण्याच्या बाई मात्र खरोखर मदतीला धावल्या. "आवाज गळ्यातून नाही, पोटातून यायला हवा," असं म्हणून त्यांनी ठकीला रोज सकाळी समोर बसवलं. आठवड्याने मी ऐकायला गेले. ठकीने डोळे मिटले, हात पुढे केला आणि "सगळं सोडा" हे शब्द इतक्या संथ, इतक्या गोड सुरात आळवले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मान डोलावली. मी घरी येताना विचार केला, असं कुणी बोलावलं तर जळत्या विमानातले लोक अजून थोडा वेळ बसून घेतील.

तेव्हा शिकवणी मीच हातात घेतली. ओरडण्याच्या बाबतीत मला कुणाकडून काही शिकायचं नाही. परीक्षेत इंग्रजीत ओरडायचं होतं, पण सराव मी मराठीत ठेवला, कारण मनापासून ओरडायचं तर मातृभाषाच बरी. बाहेरच्या खोलीत खुर्च्या रांगेने मांडल्या. ह्यांना प्रवासी केलं. ते पेपर घेऊन बसले, कारण प्रवासी पेपर वाचतात म्हणे. ठकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"सगळं सोडा, बाहेर पडा," ठकी म्हणाली.

ह्यांनी पान उलटलं.

"अगं मोठ्याने!"

"सगळं सोडा. बाहेर पडा."

ह्यांनी पेपर खाली घेतला आणि प्रेमाने विचारलं, "काही म्हणालीस का गं?"

माझा संयम म्हणजे तसा कौतुकाचा विषय आहे, पण त्यालाही काही मर्यादा. "बाजूला हो," मी म्हटलं. "असं ओरडायचं! बघ!" आणि मी दारात पाय रोवून, पोटातून, छातीतून, अगदी टाचेपासून आवाज काढला. "आग! धूर! सगळं सोडा! बाहेर पडा! पळा!"

खिडक्या उघड्या होत्या, हे मला नंतर सांगण्यात आलं.

एक क्षण सगळीकडे शांत. मग वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. मग जिन्यात पावलं, मग आणखी पावलं, मग नुसता गडगडाट. आम्ही दार उघडून बघतो तो अख्खी इमारत खाली उतरत होती. आणि "सगळं सोडा" या शब्दांचा अर्थ आमच्या इमारतीत कुणालाही ठाऊक नाही हे मला त्या दिवशी समजलं. समोरच्या वहिनींच्या काखेत मिक्सर होता. त्यांच्या जावयाने टीव्ही छातीशी कवटाळला होता आणि त्याची वायर मागच्याच्या पायात येत होती. एक आजोबा गादीची गुंडाळी घेऊन जिन्याच्या वळणावर अडकले होते आणि गादीही सोडत नव्हते नि जिनाही. गाण्याच्या बाई तंबोरा घेऊन बाहेर आल्या, त्या तळमजल्यावरच्या, त्यांना निदान जिना नव्हता. सेक्रेटरी अर्ध्या गालाला साबण लावून उतरले, त्यांच्या हातात सोसायटीचा शिक्का होता.

"कुठे आहे आग?" त्यांनी विचारलं.

"विमानात," आमचे हे म्हणाले. वर्षभरात ते जिन्यात पहिल्यांदा बोलले आणि तेही हे.

त्यानंतर जे झालं ते मी सविस्तर सांगत नाही, कारण त्यात माझ्याबद्दल काही असे शब्द आहेत जे मी विसरायचं ठरवलंय. अग्निशामक दलाचा बंब आला होता, तो समजावून परत पाठवला. बंबावरचे लोक फार सभ्य होते. त्यांच्यातल्या एकाने तर जाताना मला विचारलं की आवाज शिकवण्याचे क्लास घेता का.

इमारत शांत झाली, आमचा सराव खिडक्या लावून चालूच राहिला, आणि व्हिसासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो, त्याची चौकशी सुरू झाली. हवालदार आला तेव्हा आम्ही नेमके ठकीसाठी बॅग आणायला बाहेर गेलो होतो. शेजारी विचारणं हे त्याचं कामच. त्याने समोरच्या वहिनींना विचारलं, मुलगी कशी आहे? वहिनी स्वभावाने खऱ्या. खरं बोलल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. म्हणाल्या, "मुलगी म्हणजे गरीब गाय हो. पण आई? रोज सकाळ-संध्याकाळ ओरडते तिच्यावर. सगळं सोड, बाहेर पड, सगळं सोड, बाहेर पड! आम्ही ऐकतो ना."

झालं! दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. दाखला मुलीचा आणि चौकशी माझी. ठकीला बरोबर घेऊन गेले. उभ्या आयुष्यात मी पोलीस चौकीची पायरी चढले नव्हते. बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा शेजारी एक माणूस बसला होता, त्याने मला सहानुभूतीने विचारलं, "तुमचं काय, चोरी का मारामारी?" मी पदर, म्हणजे पदर नव्हता, पण असता तर सावरावा तशी सावरून बसले.

साहेबांनी कागदावरून मान वर केली. "बाई, शिकलेल्या घरातल्या दिसता. पोटच्या मुलीला घराबाहेर का काढताय?"

"साहेब, घराबाहेर नाही, विमानाबाहेर!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, दवाखाना, ताटाकडे बघणं, गाण्याच्या बाई, मध. साहेब ऐकत होते, पण त्यांचा चेहरा असा की रोज असल्या गोष्टी ऐकून त्यांचा विश्वास उडालाय. शेवटी ते ठकीला म्हणाले, "बरं, तू ओरडून दाखव."

ठकी उठली. तिने श्वास घेतला. तिचे ओठ हलले. साहेब टेबलावरून पुढे वाकले. "काय?" ओठ परत हलले. साहेबांनी हवालदाराकडे बघितलं, हवालदाराने पंखा बंद केला. काही उपयोग नाही.

मला राहवलं नाही. पोरीचं आयुष्य त्या एका सहीवर अडकलेलं आणि ही पुटपुटतेय! मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "सगळं सोडा! बाहेर पडा! उडी मारा!"

हवालदाराच्या हातातला चहा सांडला. बाकावरची मंडळी ताडकन उठून उभी राहिली. एक जण तर रस्त्यावर जाऊन पोचला, त्याला परत आणायला माणूस पाठवावा लागला. आणि आतल्या गजाआडून एक दबका, आशाळभूत आवाज आला, "साहेब, आम्हीपण?"

साहेबांनी आणखी एकही प्रश्न न विचारता सही केली.

ठकी गेली. विमानतळावर काचेच्या पलीकडे ती रांगेत उभी होती, बॅग तिच्याहून मोठी, आणि ती मागे वळून काहीतरी म्हणाली. काचेतून काय ऐकू येणार, आणि हिचं तर काचेविनाही येत नाही. मी आपला हात हलवला. मला वाटलं होतं मी मोठ्याने रडेन, आणि ह्यांनाही तीच भीती होती, ते माझ्यापासून थोडे लांब उभे होते. पण मी रडले नाही. मला नुसतं वाटत राहिलं की ही एवढीशी पोर, हिला कोण हाक मारेल तिकडे, आणि हिने हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल?

मग रोज संध्याकाळी फोन. आणि काय सांगू, रोज माझ्या तोंडात बोटं! आज काय, तर पोहत जाऊन दुसऱ्या मुलीला ओढत आणलं. आज काय, तर धुराने भरलेल्या खोलीत जमिनीलगत सरपटत जाऊन बाहुली शोधून काढली. विमानाचं दार म्हणे आपल्या कपाटाएवढं जड असतं आणि ते एका दमात उघडायचं. आमच्याकडे लोणच्याची, म्हणजे कुठलीही, बरणी उघडायची तर ही माझ्याकडे आणायची! मी ते सगळं जिन्यात उभी राहून वहिनींना सांगायचे आणि वहिनी, मिक्सरचा राग विसरून, "बाई बाई बाई" म्हणायच्या.

आणि एका संध्याकाळी फोन आला तो नुसत्या श्वासाचा. मी "मोठ्याने बोल" म्हणणार होते, पण म्हटलं नाही. "आई, नापास," ठकी म्हणाली. आवाज सहाव्या रांगेपर्यंतच गेला. सहाव्या रांगेच्या मागचे सगळे, परीक्षेच्या हिशेबात, विमानातच राहिले. आता शेवटची परीक्षा तेवढी उरली होती. त्यात झालं तर झालं.

मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "आपण जायचं." शेवटच्या दिवशी घरच्यांना बघायला बोलावत होतेच, कंपनी तिकिटातही सवलत देत होती. ह्यांनी मान हलवली आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला. आमच्या दाखल्यांच्या वेळी हवालदार परत आला. या वेळी तो दारापासून चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, काही म्हणू नका, नुसती सही करा."

आता त्या प्रशिक्षण केंद्राचं मी काय वर्णन करू! बाहेरून साधी राखाडी इमारत, एखादं गोदाम असावं तशी. आत शिरलो आणि माझे पायच थांबले. इमारतीच्या पोटात विमान! पंख नाहीत, शेपूट नाही, नुसतं मधलं अंग, लोखंडी खांबांवर उचलून धरलेलं, गोल खिडक्यांसकट. त्याच्या पोटातून बाहेर लोंबणारी ती पिवळी घसरगुंडी, मी समजत होते बागेत असते तेवढी असेल. छे! दुसऱ्या मजल्यावरून खाली सोडल्यासारखी. एका बाजूला पोहण्याचा तलाव, घराच्या आत, आणि त्यात म्हणे बटण दाबलं की लाटा येतात. एका भिंतीला ओळीने नुसती दारं, विमानाची दारं, जी उघडून कुठेच जाता येत नाही. आणि त्या सगळ्यातून निळ्या कपड्यांतल्या मुली आणि मुलगे पळताहेत, कुणी दार उघडतंय, कुणी आग विझवतंय, आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्यासारखी माणसं खिडकीतून ढग बघत निवांत झोपतात म्हणून. मी आणि हे, दोघंही मान वर करून उभे होतो. मला देवळात गेल्यासारखं वाटलं. बोलायचं झालं तर हळू बोलावं, असं.

ठकीला आधी भेटू देत नव्हते. तिथल्या मुख्य बाई, पांढऱ्या केसांच्या, सडसडीत, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ, आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या की प्रवासी कमी पडताहेत, तुम्ही बसाल का विमानात? काही इजा होत नाही. धूर आहे तो खोटा, आग नाही, खाली गादी आहे. मी सगळं नीट ऐकून घेतलं. ह्यांनी तर खुर्चीसमोरचा सूचनांचा कागद दोन्ही बाजूंनी वाचून काढला. तेव्हा कृपा करून कुणी असं म्हणू नये की मला माहीत नव्हतं. मला अगदी सगळं माहीत होतं.

मला मागून दुसरी रांग मिळाली. ह्यांना पुढे बसवलं. बसलो. दिवे मंद. आणि एकदम जमीन हादरली, दिवे गेले, भोंगा सुरू झाला आणि कुठूनतरी पांढरा धूर आला. खोटा धूर हो, पण नाकात खऱ्यासारखाच जातो. माझी पाचावर धारण बसली. पट्टा सापडेना. शेजारचा माणूस काहीतरी बडबडत होता. पुढचं काही दिसेना.

आणि त्या धुरातून आवाज आला.

इंग्रजीतली तीच वाक्यं, पण काय आवाज! दरडावणारा, ठाम, एकेक शब्द हातोडीने ठोकल्यासारखा. पट्टे सोडा! सगळं सोडा! इकडे या! माझ्या हातांनी पट्टा आपोआप सोडला. पाय आपोआप चालायला लागले. त्या आवाजाने मला मानेला धरून उभं केलं होतं. त्या गडबडीतही माझ्या मनात आलं, वा गं पोरी, कुणाची असशील ती! भाग्याची बाई तुझी आई. आणि आमची ठकी कुठे अडकली असेल या धुरात, तिची पाळी कधी यायची, तिचं काय व्हायचं?

मी ढकलत ढकलत दारापाशी पोचले. दारात उजेड होता. उजेडात, एका हाताने दांडी धरून, लालबुंद चेहऱ्याने, गळ्याच्या शिरा ताणून उभी होती ती ठकी.

आमची ठकी!

तो आवाज तिचा होता. मागून दुसऱ्या रांगेपर्यंत आला होता, मला उठवून घेऊन आला होता. इतकी वर्षं हा आवाज हिने कुठे ठेवला होता? माझ्याच घरात?

ठकीने माझ्याकडे बघितलं आणि ओरडली, "जम्प!"

आणि मी थांबले. आता मी जे केलं ते मला समजावून सांगता येत नाही, पण सांगते. खाली ती उंच पिवळी घसरगुंडी होती, तिची भीती नव्हती वाटली. मागे धूर होता, भोंगा होता, विमान जळत होतं, हो, त्या क्षणी माझ्या लेखी ते खरंच जळत होतं. आणि माझी मुलगी आत उभी होती. मी बाहेर आणि ती आत? मी तिचं मनगट घट्ट धरलं. "चल," मी म्हटलं. "तू आधी."

"जम्प!"

"अगं तू चल! तुला सोडून नाही जायची मी!"

मागे रांग तुंबली. कुणाचं तरी ढोपर माझ्या पाठीत बसलं. मागच्या बाईंनी काहीतरी किंचाळून म्हटलं. दाराच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, मुख्य बाई घड्याळ हातात घेऊन उभ्या होत्या, आणि घड्याळ चालूच होतं. पोरीची शेवटची संधी माझ्या मुठीत होती. मला ते दिसत होतं, कळत होतं, आणि तरी माझी मूठ उघडेना.

"उडी मारा!" ठकी ओरडली. मराठीत! आणि "मारा"! जन्मात मला अहो-जाहो न केलेली मुलगी मला परक्या बाईसारखं "मारा" म्हणाली. मी अवाक होऊन तिच्याकडे बघतेय तेवढ्यात तिने हिसका देऊन मनगट सोडवलं, दोन्ही तळवे माझ्या पाठीवर ठेवले आणि मला विमानाबाहेर लोटून दिलं.

खाली येईपर्यंत मी काय ओरडले ते मला आठवत नाही. दोघांनी धरून उभं केलं. हे आधीच उतरून गादीच्या कडेला उभे होते, केस उभे, डोळे चमकत, आणि शेजारच्या माणसाला विचारत होते की परत एकदा जाता येईल का. मी वर बघत होते. दारातून माणसं पडत होती, एकामागून एक, आणि प्रत्येकाच्या आधी तो आवाज. मग माणसं संपली. दार रिकामं झालं. ठकी दिसेना. आवाज थांबला. मग ती आली, हात पुढे करून, सरळ, आणि घसरत खाली.

मुख्य बाई जिन्याने उतरून आमच्याकडे आल्या. मी मनात कबूल करून टाकलं होतं की पोरीचं वाटोळं मीच केलं, आणि त्यांना तसं सांगायला शब्द जुळवत होते. पण त्याच हळूहळू, मला कळावं म्हणून सोपं सोपं बोलल्या. म्हणाल्या, आम्ही इथे बसवतो ते प्रवासी शहाण्यासारखे उड्या मारतात. खऱ्या अपघातात दारात कुणीतरी थांबतंच, कुणालातरी धरून. तशी माणसं आम्हाला आणता येत नाहीत. आज तुमच्या मुलीला एक मिळाली, आणि तिने वेळेत विमान रिकामं केलं. मग त्यांनी ठकीकडे बघून मान हलवली. पास.

ठकी खाली बसली. मीही तिच्या शेजारी गादीवर बसले आणि तिचा हात हातात घेतला. मनगटावर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते. आनंद होता, पण खोटं कशाला बोलू, अपमानही झाला होता थोडा.

"सख्ख्या आईला ढकललंस," मी म्हटलं. "ओळखलं नाहीस का मला?"

"ओळखलं की," ठकी म्हणाली. आवाज परत तोच, कान नेऊन ऐकावा लागणारा. "बाकीच्यांना एका हाताने ढकललं. तुला दोन्ही लावले."

"आणि मग आत कुठे गेली होतीस? सगळे उतरल्यावर?"

"मागे. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन बघायचं असतं, कुणी राहिलंय का. मग आपण उतरायचं."

"खरी आग लागली तरी?"

"तेव्हाच तर बघायचं, आई."

झोपण्याआधी गॅस बंद केला का बघते, तसं म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या खांद्याला लागणारी पोर. त्या लोखंडी खांबांवरच्या विमानाचं मला जेवढं नवल वाटलं होतं त्याच्या शंभरपट मला तिचं वाटत होतं, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

परत वर गेलेल्या मुख्य बाईंनी हाक मारली. पुढच्या मुलीची परीक्षा लागली होती आणि ठकीला आता प्रवासी होऊन वर जायचं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. हात माझ्याच हातात होता. तिने या वेळी ओढून घेतला नाही, नुसती थांबली.

"जाऊ?"

"जा," मी म्हटलं, आणि हात सोडला.